दारातली रांगोळी पाहून घेतलेलं घर

बदलीची ऑर्डर हातात पडली तेव्हा भोपाळबद्दल मला एवढंच ठाऊक होतं, की तिथे मोठा तलाव आहे. मी एका सरकारी कंपनीच्या हिशेबखात्यात आहे. बदली नाकारायची म्हणजे बढतीवर पाणी सोडायचं. नवऱ्याची नोकरी नाशकात, ती सुटण्यातली नव्हती. मुलगी नुकतीच पहिलीत गेलेली. तिला घेऊन परक्या गावी राहायचं, तर शाळेतून आल्यावर तिला बघणार कोण? सगळ्यांच्या नजरा सासूबाईंकडे वळल्या.

"येते," आई म्हणाल्या. "पण दिवाळीपर्यंत. करमलं तर राहीन, नाही करमलं तर सरळ माघारी. मग मला कुणी अडवायचं नाही."

म्हणजे माझी नोकरी, मुलीची शाळा, सगळं आईंच्या करमण्यावर टांगलेलं. आणि खरं सांगायचं तर मला त्या हव्याही होत्या. आमचं रोज वाजतं, पण त्या घरात नसल्या की मला माझ्या हातचा चहासुद्धा गोड लागत नाही.

घर शोधायला मी आधी एकटीच आले. ऑफिसातले एक सहकारी, मूळचे इंदूरचे मराठी, मला स्कूटरवर फिरवत होते. प्रत्येक घराला त्यांचं एकच प्रमाणपत्र. "मॅडम, एकदम फॅमिलीवाला एरिया आहे. पाण्याची काही परेशानी नाही. दूध, सब्जी, सगळं खालीच भेटून जातं."

आनंद नगरात भाडं परवडणारं होतं, पण घर रायसेन रोडला लागून. ट्रकच्या आवाजात घरमालकाचं बोलणंही धड ऐकू येईना. इंद्रपुरीतलं घर हवेशीर, बाजार पायाखाली. पण तिसरा मजला आणि आईंचे गुडघे, हे गणित जमणारं नव्हतं. शेवटी सोनागिरीत तळमजल्यावरच्या दोन खोल्या पाहिल्या. भाडं बेताचं, समोर घसरगुंडी असलेली बाग, शाळेची बस कोपऱ्यावर. सगळं होतं, तरी माझं मन पक्कं होईना. इथे आईंनी बोलायचं कुणाशी?

मग माझं लक्ष गल्लीकडे गेलं. सकाळची वेळ होती. शेजारच्या दारात, समोरच्या दारात, त्याच्याही पलीकडे, पाणी शिंपडलेल्या अंगणात ठिपक्यांची पांढरीशुभ्र रांगोळी. इकडची माणसं सणासुदीलाच काढतात. रोज सकाळी उठून दारात ठिपके कोण घालणार आपल्याशिवाय? मी तिथूनच फोन लावला.

"आई, घर मिळालं. गल्लीत आपली माणसं आहेत."

"कशावरून?"

"दारोदार रांगोळ्या आहेत. रोजच्या."

"मग घे की," आई म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात इतका हुरूप होता की मी त्याच पावली ॲडव्हान्स देऊन टाकला. दारांवरच्या पाट्या वाचायचंही मला भान राहिलं नाही.

राहायला आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आई शेजारच्या दारापुढे कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"ही आपली नव्हे," त्या म्हणाल्या.

"ठिपके आहेत की."

"ठिपके आहेत गं. पण आपली रेघ ठिपक्याला ठिपका जोडत जाते. ही बघ, ठिपक्याला शिवत नाही, वळसा घालून जाते. आणि हे तांदळाचं पीठ आहे. मुंग्या लागल्यात."

तेवढ्यात दार उघडलं. आईंच्याच वयाच्या एक बाई बाहेर आल्या, तोंडभर हसल्या आणि तमिळमध्ये काहीतरी बोलल्या. पुढे कळलं, त्यांचा नवरा इथल्या कारखान्यात होता. तो वारल्यावरही त्या इथेच राहिलेल्या. समोरचे, पलीकडचे, सगळे त्यांच्याच मुलखातून नोकरीला आलेले आणि इथे रुजलेले.

"शितावरून भाताची परीक्षा करायला गेलीस," घरात येऊन आई म्हणाल्या, "आणि शित दुसऱ्याच्याच भाताचं निघालं."

मला हसू आलं. पण पुढचे दिवस वाईट गेले. मुलगी शाळेत गेली की आई खिडकीत बसायच्या. संध्याकाळी मी दार उघडलं की दिवसभराचं तुंबलेलं बोलणं माझ्या अंगावर यायचं, आणि त्यात प्रत्येक वाक्यात नाशिक. मी मनातल्या मनात राजीनाम्याचा मजकूर जुळवायला लागले होते.

आईंनी मात्र हट्टाने आमच्या दारात आपली रांगोळी सुरू केली होती. शेजारच्या बाई उभ्या राहून बघायच्या. एका रविवारी मी चहा घेऊन बाहेर आले, तर दोघी आमच्या दारात उकिडव्या बसलेल्या. बाईंनी आईंच्या ठिपक्यांभोवती वळसा घातला होता. आई तो बोटाने पुसत होत्या. "नहीं, नहीं! हमारा ऐसा नहीं होता. सीधा जोडनेका!" बाई कपाळावर हात मारून आपल्या भाषेत त्यांना झापत होत्या. इतकं मनापासून भांडताना मी आईंना माझ्याशी सोडून कुणाशीच पाहिलं नव्हतं. खोटं कशाला सांगू, मला थोडा मत्सरच वाटला.

मग ताक इकडून तिकडे आणि कढीपत्ता तिकडून इकडे, असं सुरू झालं. दोघींचं हिंदी सारखंच मोडकं, त्यामुळे कुणी कुणाला हसायचा प्रश्न नव्हता. दुपारी शाळेच्या बसपाशी मुलीला घ्यायला दोघी जायच्या. मी मात्र आईंना विचारत नव्हते. त्या काय म्हणतील याची मला धास्ती होती.

दसऱ्याला नवरा आला. जेवताना त्यानेच विषय काढला. "आई, दिवाळीनंतर माझ्याबरोबर परत यायचं ना? तिकीट आत्ताच काढायला हवं, नंतर मिळत नाही."

मी आईंकडे न बघता आमटीचं भांडं पुढे सरकवलं.

"आत्ता कसं जमेल?" आई म्हणाल्या. "शेजारच्या बाई सुनेच्या बाळंतपणाला चेन्नईला चालल्यात. तिथून कधी सुटतील कोण जाणे. तोवर त्यांचं दार सकाळचं मोकळं राहता कामा नये. मी शब्द दिलाय, रोज काढीन म्हणून. त्यांच्यासारखा वळसा घालून."

नवरा हसायला लागला. मला मात्र राग आला, खराखुरा. इतके दिवस मी जीव मुठीत धरून बसले होते, आणि या राहणार कुणासाठी?

"म्हणजे नातीसाठी नाही, माझ्यासाठी नाही, त्यांच्या दारासाठी राहताय तुम्ही?"

आईंनी शांतपणे माझ्या ताटात भात वाढला, वर तूप घातलं.

"तुमचं काय गं, तुम्ही माझीच माणसं. आपल्या माणसांवर रुसून जाता येतं, परत येता येतं. परक्याला दिलेला शब्द असा मोडता येतो का?"

मी मान खाली घालून भात कालवायला लागले.

"मग तिकीट माझं एकट्याचंच काढतो," नवरा म्हणाला.