येळवशीचा गृहपाठ

जाहिदाबाईंना गृहपाठाची भारी चीड. मास्तरीण असून गृहपाठाची चीड म्हणजे हलवायाला साखरेचा वीट यावा, तसली गत. पण चीड होती ती ‘पाढे दहा वेळा लिहा’ असल्या गृहपाठाची. “ते पोरगं लिहीत न्हाई, पोराची ताई लिहिते,” असं त्या म्हणायच्या. आणि खोटं काय होतं त्यात?

चाकुरात त्यांचे वडील गाद्या भरायचे. ही लेक शिकली, नोकरीला लागली आणि तालुक्यातल्याच एका खेड्यात, दोन शिक्षकांच्या शाळेत येऊन बसली ती बसलीच. बदलीचा अर्ज म्हणून केला नाही. मुख्याध्यापकही त्याच, घंटाही त्याच द्यायच्या, आणि पोरांची नाकंही त्याच पुसायच्या. कुणी कीव केली तर म्हणायच्या, “माझं काय वाईट चाललंय? माझी पोरं वाचतात.” हे मात्र त्या ठसक्यात सांगायच्या.

सुट्टीचा अभ्यास त्या घरोघर जाऊन तपासायच्या. येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला, तर थेट शेतात. मार्गशीर्षातल्या त्या अमावस्येला आमच्याकडं गावात कुत्रंसुद्धा राहत नाही. सगळे रानात. कडब्याची कोपी, म्हणजे खोपटं, आणि त्यात चुन्यानं रंगवलेले पाच दगड, ते पांडव. त्यांना निवद दाखवला की डाळी-भाज्यांची घट्ट भज्जी, आंबील, बाजरीचे वळलेले उंडे. रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाका मारून जेवायला बसवायचं. बाईंना तर साऱ्या वर्गाचं बोलावणं. एकाकडं जेवलं आणि दुसऱ्याकडं नाही, असं करून चालायचं नाही.

यंदा सुट्टीच्या आदल्या दिवशी त्यांनी तिसरीला गणित घातलं. तुमच्या शेतात किती माणसं जेवली ते काढून ठेवा, मी येते. पोरं खूश. तेवढ्यात दारात वैजनाथ उभा. तनुजाचा बाप.

“बाई, तनुजाचा दाखला पायजे,” तो म्हणाला. “चाकूरच्या इंग्लिश शाळेत घालायलोय. दारात गाडी येते.”

“अर्ध्या वर्षात? का हो वैजनाथभाऊ?”

“तिसरीत हाय, पण घरी तोंड उघडत न्हाई. काय शिकली विचारलं की खाली बघती. तुमच्यावर राग न्हाई, पण पोरीचं नुसकान व्हायलंय.”

तनुजा पहिल्या रांगेत बसून खालीच बघत होती. बाईंच्या काळजाला ते लागलं. दाखला म्हणजे काय, एक सही. पण ही पोरगी पाढे फक्त म्हणत नव्हती, ते वापरत होती, आणि नव्या शाळेत हिचं तोंड उघडायलाच वर्ष जाईल, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. “उद्या तुमच्या शेतात येते,” त्या म्हणाल्या. “तिचा गृहपाठ तुमच्यासमोर बघू. तुम्हाला पटलं न्हाई तर सुट्टीनंतर दाखला माझ्या हातानं देते.”

आता बघा, एवढी हुशार बाई, पण चुकली कुठं! दुसऱ्या दिवशी पहिल्याच कोपीत भागवत नावाचं पोरगं मान खाली घालून उभं. “बाई, आजी म्हणली खाणारी माणसं मोजू न्हाईत. अन्नाला दृष्ट लागते.” दुसऱ्या शेतात तेच. तिसऱ्या शेतात तर म्हातारीनं बाईंनाच सुनावलं, “माय, येळवशीला कुणी माणसं मोजतं का?” बाई आंबिलीचा घोट घेता घेता थांबल्या. त्यांची स्वतःची अम्मी तरी दुसरं काय सांगायची? दस्तरखानावर जेवायला बसलेल्यांना मोजू नये, बरकत जाते. घरचंच शहाणपण, आणि गणित घालताना नेमकं तेच विसरल्या. बाईंना स्वतःचाच राग आला. तरी पाय वैजनाथच्या शेताकडं वळलेच. दिलेला शब्द मोडायची सवय नव्हती.

कोपीत तनुजाची आजी साखराबाई वाढत होती. बाईंना हाताला धरून तिनं बसवलं, भज्जी वाढली. तनुजानं दोन उंडे ठेवले. वैजनाथ समोरच बसला होता.

“काय गं, केलास का अभ्यास?” त्यानं विचारलं.

तनुजानं खाली बघितलं. वैजनाथनं बाईंकडं बघितलं. त्या नजरेत ‘बघा, म्हणलं न्हवतं का’ असं सगळं होतं.

“आजी म्हणली माणसं मोजू नको,” तनुजा हळूच बोलली. “म्हणून मी न्हाई मोजली. उंडे मोजले.”

“आँ?”

“सकाळी मीच वळलेत. दहा-दहाच्या ओळी लावल्या. मग सगळ्यांना मीच वाढले, दोन-दोन. परत कुणी मागितला तर भाकर दिली.” तिनं टोपल्याकडं बोट केलं. “उरलेले त्यात हायत. गेलेले किती ते काढायचे आन् निम्मे करायचे.”

वैजनाथचा हात टोपल्यावरच्या फडक्याकडं गेला. साखराबाईनं तो फटकन बाजूला सारला. “मोजायचं न्हाई म्हणलं ना!”

“आगं, पण किती माणसं झाली?” तो लेकीला म्हणाला.

“मला ठाव हाय. सांगणार न्हाई. आजी नको म्हणली.”

बाईंनी वाकून कान पुढं केला. तनुजानं त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं. बाईंनी डोळे मिटून मनात मांडणी केली, कारण वळलेले आणि उरलेले दोन्ही आकडे पोरीनं कानातच दिले होते, आणि मग मान हलवली. “बरोबर.” त्यांना इतका आनंद झाला की घास तसाच हातात राहिला. शिकवलेलं तर होतंच, पण आजीचा शब्दही राखला आणि गणितही सोडवलं, हे काही त्यांनी शिकवलं नव्हतं.

एवढं सलग बोलताना वैजनाथनं लेकीला कधी ऐकलंच नव्हतं. मग तो गुडघ्यावर पुढं सरकला आणि स्वतःचा कान तिच्यापुढं केला.

“मला बी सांग की. कानात सांगितलं तर आजीला कळत न्हाई.”

तनुजा जवळ गेली. तोंड कानापर्यंत नेलं आणि थांबली.

“बाबा, आधी तुम्ही दाखला मागत न्हाई म्हणा.”

साखराबाईचा वाढता हात थांबला. बाईंनी उंडा मोडून भज्जीत बुडवला.

“न्हाई मागत,” वैजनाथ म्हणाला.

मग तिनं त्याला आकडा सांगितला.