पाचवा दगड

शहागडला आमच्या शेजारी एक निवृत्त फौजी राहतात, आम्ही त्यांना भाऊ म्हणतो. मोठ्या मशीनगनच्या पट्ट्यात दर पाचवी गोळी लाल टोकाची, ट्रेसर. ती पेटत जाते म्हणून बाकीच्या कुठं चालल्या ते दिसतं, हे त्यांच्याकडून ऐकून ऐकून मला पाठ झालंय. त्यांच्या बायकोची, वहिनींची नजर अधू झाली तेव्हा भाऊंनी दारापासून विहिरीपर्यंत दगड मांडले आणि दर पाचवा लाल रंगवला. यंदा वहिनींना दिसायचं पारच थांबलं. तरी काल भाऊ ब्रश घेऊन दगडांपाशी बसलेले.

"आता कशाला, भाऊ?"

"रंग उडाल्ता. माझा हात धरून चालताना ती इचारती, लाल दगड आला का? मंग खोटं कसं बोलू?"