वाढत्या अंगाचं सीट

सारोळ्याच्या पुलाच्या अलीकडे, हायवेला लागूनच मौलाली तांबोळीचं सीट कव्हरचं दुकान होतं. दुकान म्हणजे तरी काय, वर पत्रा, तीन बाजूंना पत्रा आणि चौथ्या बाजूला रस्त्याची धूळ. पण ट्रकवाले तिथं मुद्दाम गाडी बाजूला घ्यायचे. मौलालीनं शिवलेल्या गादीवर बसलं की ड्रायव्हरला घरच्या पलंगाची आठवण येत नाही, असं म्हणत. फोम कमी घालणं हे त्याच्या लेखी पाप होतं. गिऱ्हाईक म्हणालं, "चाचा, बस झालं आता," की हा आणखी एक थर चिकटवणार. "बसल्यावर दबतंय रं ते," हे त्याचं ठरलेलं उत्तर.

माणूस मोठा प्रेमळ, पण तयार वस्तूला हात लावल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. बाजारातून आणलेल्या चपलेत फोम, सायकलच्या सीटवर फोम, बायको जोहरा भाकरी थापायला ज्या पाटावर बसायची त्या पाटालासुद्धा फोम आणि वर लाल रेक्झिन. जोहरा म्हणायची, "एक दिवस हा माणूस मला बी कव्हर शिवल."

आणि दुसरी खोड म्हणजे वाढत्या अंगाचं घेणं. एकुलती एक लेक मेहनाज, पण तिला कधी मापाचा फ्रॉक म्हणून मिळाला नाही. ईदचा नवा फ्रॉक घोट्यापर्यंत यायचा आणि नव्या बुटांत पुढं कापूस कोंबलेला असायचा. पोर वाढत्या अंगाची आहे, पुढच्या वर्षी बरोबर येईल, हा बापाचा हिशेब. पुढच्या वर्षी बरोबर यायचं हे खरं, पण तोवर विटून, फाटून गेलेलं असायचं. तशी गावात सगळीकडेच ही रीत होती. मौलाली तिच्यात जरा जास्तच पुढं होता इतकंच.

मेहनाज भोरला दिली. जावई इरफान काही वर्षं मस्कतला एका गोऱ्या साहेबाकडे ड्रायव्हर होता. परत येऊन त्यानं इंडिका घेतली आणि भोर-पुणे भाडी मारू लागला. पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणं सारोळ्याला झालं. मुलगा झाला, फिरोज नाव ठेवलं. पोरगं अंगानं अगदीच बारीक होतं. जोहरा त्याला न्हाऊ घालताना अंगावर पाणी ओतायला घाबरायची.

चाळीस दिवस झाले की लेक बाळाला घेऊन सासरी जाते आणि नाना-नानींकडून पाळणा जातो. मौलालीनं सुताराला सांगूनही ठेवलं होतं. पण बाळाला बघायला आलेला इरफान म्हणाला, "अब्बा, पाळणा नको. आमच्या घरात माझाच पाळणा आहे अजून. द्यायचंच असलं तर बाळाचं गाडीतलं सीट द्या. तिकडं साहेबाची बायको त्याच्याशिवाय पोराला गाडीत घालायची नाही. पुण्यात कॅम्पात मिळतं. लहान बाळाचं घ्या फक्त."

सीट म्हटल्यावर मौलालीची छाती फुगली. आजवर गावातल्या कुठल्या नानानं असली भेट दिली नव्हती, आणि ती द्यायची होती एका सीटवाल्यानं. दुसऱ्या दिवशी तो एकटाच पुण्याला गेला.

कॅम्पातल्या दुकानात दोन तऱ्हेची सीटं होती. एक टोपलीसारखं छोटं, वरून मूठ असलेलं. बाळ त्यात मागं तोंड करून जवळजवळ आडवंच राहतं, पण वर्षभरात त्याला ते अपुरं पडतं. दुसरं मोठं, ऐसपैस. तान्हेपणी मागं तोंड करून लावायचं, मोठं झालं की फिरवून पुढं तोंड करायचं, पोरगं शाळेत जायला लागेपर्यंत चालतं. दुकानदार भला माणूस होता. त्यानं विचारलं, बाळ किती मोठं आहे? मौलालीनं दोन्ही हातांनी माप दाखवलं.

"मग काका, छोटंच न्या," दुकानदार म्हणाला. "मोठं इतक्या बारीक बाळाला उभट होतं, मान टिकत नाही त्याची. आणि कुठलंही नेलंत तरी आत आपलं काही घालू नका. उशी नाही, दुपटं नाही."

मौलालीनं छोटं सीट उचलून बघितलं आणि खाली ठेवलं. वर्षभरात टाकून द्यायची वस्तू लेकीच्या सासरी न्यायची? मग त्यानं मोठ्या सीटची गादी अंगठ्यानं दाबून बघितली. त्याला ती कडक लागली. हे काय, हे तर आपण करू, असं त्याच्या मनात आलं, आणि तिथंच निवड झाली. आत काही न घालायचं दुकानदाराचं सांगणं त्यानं कानाआड केलं. जन्मभर गाद्या शिवलेल्या माणसाला उशी घालू नका म्हणून कुणी सांगावं, याचा त्याला थोडा रागच आला होता.

घरी येऊन त्यानं ट्रकवाल्यांची कामं बाजूला सारली आणि त्या सीटला मापाची गादी शिवली. उत्तम फोम, वर हिरवी मखमल, कडेला पिवळी पट्टी. आणि डोक्याच्या जागी मोहरीची उशी शिवून टाकली. तान्ह्या बाळाचं डोकं गोल राहावं म्हणून आपल्याकडे मोहरीच्या उशीवर निजवतात, मग प्रवासात तरी डोक्याला ती का नको? असं सुंदर काम त्यानं त्याआधी केलं नव्हतं आणि नंतरही केलं नाही. बघायला शेजारीपाजारी आले.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मेहनाजनं बाळाला त्यात ठेवून बघितलं. दुकानात बापलेक दोघंच होते. पट्टे लावले, आणि ती थोडा वेळ बघत राहिली.

"अब्बा, ह्याची मान बघा की. पुढं येतीया. हनुवटी पार छातीला टेकली. उशी तेवढी काढू या का?"

"दबल ती. नवी हाय म्हणून."

"पर अब्बा, मोहरी कुठं दबतीया?"

"मेहनाज, तुझ्या जन्माच्या आधीपासनं म्या सीटं शिवतोय," मौलाली म्हणाला. "मला शिकवू नगंस."

तिनं बाळाला उचलून घेतलं आणि ती गप्प घरात गेली. लहानपणी घोट्यापर्यंतचा फ्रॉक घालतानाही ती अशीच गप्प राहायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी इरफान आणि त्याची आई अंजुमबी न्यायला आले. सीट गाडीत मागं बसवलं, शेजारी मेहनाज बसली, पुढं मायलेक. अंजुमबीनं मखमलीवरून हात फिरवून तोंड भरून कौतुक केलं. मागून गावातल्या सोनबाच्या टेम्पोत मिठाई, कपडे, भांडी घेऊन मौलाली आणि जोहरा निघाले. रस्ता चौपदरी करायचं काम तेव्हा चालू होतं, जागोजागी खड्डे आणि वळणं. मौलाली सोनबाला सांगत होता, "आपण हितं दणके खातोय, पर बाळ बघ, आतमधी गादीवर कसं निवांत असंल."

कापूरहोळच्या अलीकडे पुढची गाडी एकदम कडेला थांबली. मेहनाज बाळाला घेऊन खाली उतरलेली दिसली. मौलाली टेम्पोतून उडी टाकून धावला. पोराचा चेहरा निळसर पडला होता, हातपाय लोंबत होते. मेहनाज त्याची पाठ चोळत होती, तोंडावर फुंकर घालत होती, त्याला हाका मारत होती. मौलालीला आपण कुठं उभे आहोत ते कळेना. मग त्या एवढ्याशा छातीतून एक बारीक आवाज आला, आणि मग रडणं. सगळं आयुष्य मौलालीनं पोरांचं रडणं ऐकलं होतं, पण ते कधी इतकं गोड लागलं नव्हतं.

फाट्यावर एक दवाखाना होता. डॉक्टरांनी बाळाला नीट तपासलं. पोरगं बचावलं, धोका टळला असं ते म्हणाले. मग त्यांनी इरफानला ते सीट आत आणायला सांगितलं. गादी हातानं दाबली, उशी चाचपली, आणि त्यांचा आवाज चढला.

"मान पुढं वाकून श्वास कोंडला त्याचा. आईचं लक्ष गेलं म्हणून, नाहीतर झोपेतच गेलं असतं. ही उशी घालायची अक्कल कुणाची?"

खोलीत सगळे होते. इरफान, अंजुमबी, जोहरा. मौलाली उशीच्या शिवणीकडे बघत राहिला.  तेवढ्यात मेहनाज बोलली.

"माझी. अब्बा नको म्हणत हुते. म्याच हट्टानं शिवून घेतली."

बोलून तिनं बापाकडे बघितलं. गप्प राहा, असं ती सांगते आहे, असा मौलालीनं त्या नजरेचा अर्थ लावला. आणि तो गप्प राहिला. 'न्हाई, म्या केलं' एवढे तीन शब्द. ट्रकवाल्यांशी तासन्‌तास हुज्जत घालणाऱ्या त्या माणसाला लेकीसाठी तीन शब्द बोलता आले नाहीत.

पुढं भोरपर्यंत बाळ अंजुमबीच्या मांडीवर गेलं, आणि खरं सांगायचं तर ते तिथून परत आलंच नाही. ती बाई काही वाईट नव्हती. नातू हातचा जाता जाता राहिला, ही भीती तिच्या मनात घट्ट बसली होती. मेहनाजनं पोराला दूध पाजायचं आणि सासूच्या हाती द्यायचं. पोराला ताप आला तर "आईनंच काहीतरी केलं असंल." आल्यागेल्याला तोच किस्सा, "बापानं नको म्हटलं तरी हिनं उशी घातली बघा." इरफान बोलत काही नसे, पण आईला अडवतही नसे. फिरोज मोठा होत गेला तसा तोही दुखलंखुपलं की दादीकडं पळायचा. पोरांना घरात कुणाचं चालतं ते बरोबर कळतं.

मौलालीला हे सगळं जोहराकडून कळायचं. त्या रात्रीच त्यानं तिला खरं काय ते सांगितलं होतं. ती त्याला म्हणायची, "एकदा जाऊन खरं सांगून या." प्रत्येक ईदला तो ठरवून भोरला जायचा. कधी इरफान भाड्यावर गेलेला असायचा, कधी पाहुणे बसलेले, कधी सणाचा दिवस, कशाला वाईट बोला. शिरखुर्मा खाऊन परत यायचा. एस.टी.त बसल्यावर मनाची समजूत घालायचा की लेकीनं आपणहून अंगावर घेतलंय, आता आपण बोललो तर तीच खोटी ठरेल. आणि ही समजूत आपली आपल्यालाच पटत नाही, हे सारोळं येईपर्यंत त्याला कळलेलं असायचं.

गादीवरचा त्याचा हातही गेला. फोम कापताना तो थांबायचा, उगीच दाबून बघायचा. ट्रकवाले म्हणू लागले, चाचा आता पहिल्यासारखं शिवत नाही.

चार वर्षांनी मेहनाजला मुलगी झाली. या खेपेचं बाळंतपण भोरलाच झालं. जोहरा बघून आली ती पाणीसुद्धा न पिता भिंतीला टेकून बसली. "पोरीला डोस पाजायला दवाखान्यात न्यायचं हुतं," ती म्हणाली. "सासू घेऊन गेली. मेहनाजला म्हनली, तू घरी थांब, तुझ्या हाती न्हाई देणार. माझी लेक उंबऱ्यात उभी राहून बघत हुती."

मौलाली सकाळच्या पहिल्या गाडीनं भोरला गेला. इरफान घरी होता, अंजुमबी नातीला मांडीवर घेऊन बसली होती. या वेळी त्यानं पाणीही मागितलं नाही. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. दुकानदार काय म्हणाला ते, मोठं सीट आपण का घेतलं ते, उशी कुणी शिवली, आणि मेहनाजनं आदल्या संध्याकाळी काय विचारलं होतं ते. "ती काढा म्हनली हुती," तो म्हणाला. "म्याच ऐकलं न्हाई. आणि त्या दिवशी बी म्या तोंड उघडलं न्हाई."

 मग अंजुमबीनं पदरानं डोळे टिपले.

"मौलालीभाई, बाप असावा तर तुमच्यासारखा," ती म्हणाली. "लेकीची चूक आपल्या अंगावर घ्यायला एवढ्या सकाळी धावत आलात."

"न्हाई ओ, खरंच सांगतोय. अल्लाची शपथ..."

"शपथ नका घेऊ. लेकरांचं घर हाय. खोटी शपथ बाधती."

"अब्बा, झालं गेलं ते सोडा," इरफाननं त्याला हात धरून बसवलं. "आमी काय तिला घराबाहेर काढलंय का? कशाला जीवाला लावून घेता?"

मौलालीनं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. जितकं तो कळवळून सांगे तितकं अंजुमबीला भरून येई. शेवटी तिनं आतल्या दाराकडे बघून आवाज चढवला. "मेहनाज, तू बोलावून घेतलंस का गं ह्यांना? ह्या वयात बापाला खोटं बोलाय लावलंस?"

मेहनाज चहा घेऊन बाहेर आली. तिनं कप बापासमोर ठेवला आणि सासूकडे वळून म्हणाली, "चुकलं माझं."

चहा तसाच राहिला. निघताना ती त्याला सोडायला रस्त्यापर्यंत आली. मौलाली तिच्या तोंडाकडे बघू शकत नव्हता.

"मेहनाज, तू तवा माझ्याकडं बघितलंस, तर मला वाटलं, गप्प राहा म्हणतीस."

"न्हाई, अब्बा," ती म्हणाली. "तुमी बोलाल म्हणून बघत हुते."