शिवणीतली माया

मास्तरांचा शाळेशी काडीचाही संबंध नव्हता. ते शिंपी होते, आणि शिंप्याला मास्तर म्हणायची रीत आहे, म्हणून मास्तर. पण कुटुंब न्यायालयातल्या कारकुनाला हे कोण सांगणार? पहिल्याच तारखेला त्याने विचारलं, "कुठल्या शाळेवर?" आणि मास्तर इतके भिडस्त की ओशाळं हसून गप्प बसले. पुढची दोन वर्षं तो कारकून त्यांना "या गुरुजी, बसा गुरुजी" करत राहिला. एका वाक्यात मिटणारा घोळ हा माणूस दोन वर्षं चालवून घेत होता. अशा माणसावर चारचौघांत उभं राहून आपली बाजू मांडायची वेळ यावी, हेच मुळात चुकलं.

घटस्फोटातसुद्धा भांडण असं झालंच नाही. बायको म्हणाली, "तुमच्याशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं," आणि त्यावरही मास्तर काही बोलले नाहीत. दोघांनी सह्या केल्या. सात वर्षांच्या मुलीचा ताबा आईकडे गेला. जमिनीचाही ताबा, घराचाही ताबा आणि लेकराचाही ताबाच. कायद्याला दुसरा शब्द सुचला नाही. मास्तरांच्या वाट्याला आले महिन्यातले दोन शनिवार, दोन-दोन तास, तेही न्यायालयाच्या भेटीच्या खोलीत. तिथे प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या, चाक निखळलेल्या मोटारी होत्या आणि दाराशी वही घेऊन बसलेली एक बाई होती. तिच्या देखत सगळ्या बापांनी आपापल्या पोरांवर प्रेम करायचं असे.

बाकीचे दिवस मास्तर दुकानात आणि दुकानामागच्या एका खोलीत काढत. एकट्यासाठी रांधायचं आणि ओट्याशी उभ्याउभ्याच जेवून टाकायचं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ते मशीनमधला दोरा काढून ठेवत आणि नुसतंच पायडल मारत बसत. कापड नाही, शिवण नाही, फक्त घरात काहीतरी आवाज असावा म्हणून. समोरच्या किराणावाल्याला वाटे, मास्तरांकडे काय काम आहे हो!

अखेर मुलगी नऊ वर्षांची झाली तेव्हा त्यांनी धीर करून अर्ज केला. एक रविवार सोडून एक रविवार, सकाळी दहा ते संध्याकाळी पाच, मुलगी माझ्या घरी यावी. एवढंच मागणं. अर्ज टाकला आणि त्यांनी खोलीला रंग दिला, खिडकीला पडदा शिवला, तिच्या उंचीचं एक स्टूल आणलं. हुकूम व्हायच्या आधीच सगळी तयारी झाली.

न्यायालयाच्या समुपदेशकबाईंनी मुलीशी एकटीशी बोलून अहवाल दिला होता. तारखेच्या दिवशी मास्तरांच्या वकिलांनी तो व्हरांड्यात वाचून दाखवला. "'वडिलांची तुझ्यावर माया आहे का, असे विचारले असता बालिकेने, होती, आता संपली, असे उत्तर दिले.' मास्तर, हे काय हो? असं लिहून आल्यावर अर्ज कसा टिकायचा?"

मास्तर बाकावर बसले. बसल्याबसल्या सवयीने बोटं सदऱ्याच्या बाहीची दुमड चाचपू लागली, आणि एकदम त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

शिंप्याच्या घरात माया म्हणजे शिवणीच्या आत दुमडून ठेवलेलं जास्तीचं कापड. पोर वाढलं की शिवण उसवायची, माया सोडायची, कपडा पुन्हा अंगाला येतो. मुलगी लहानपणी कापायच्या टेबलाखाली बसून विचारायची, "बाबा, ह्या फ्रॉकला माया किती?" आणि ते म्हणायचे, "तीन बोटं." त्या घरात हा शब्द दुसऱ्या कशासाठी कधी वापरलाच गेला नव्हता. त्यांनी शेवटचा फ्रॉक शिवला त्याला दोन वर्षं झाली. त्याची माया आता संपणारच!

पुकारा झाला. समोरचे वकील आधी उठले. अहवाल वाचला, वर भेटीच्या खोलीतली वही दाखवली. जूनमधले दोन्ही शनिवार हे गृहस्थ फिरकलेच नाहीत, म्हणाले. ते खरंच होतं. गणवेशांचा हंगाम होता, मास्तर मशीनवरून उठले नव्हते. "ह्यांना मुलीचं काय पडलंय?" वकिलांनी विचारलं.

आणि मास्तर उभे राहिले. कुणी सांगितलं नव्हतं, तरी उभे राहिले. "बाईसाहेब, पोरगी फ्रॉकचं बोलली," ते म्हणाले. न्यायाधीशबाईंना काही उमगेना. तेव्हा ह्या भिडस्त माणसाने शेजारी उभ्या असलेल्या आपल्याच वकिलांच्या काळ्या कोटाची कड उलटी करून धरली. "हे आतलं कापड असतं ना, ह्याला आम्ही माया म्हणतो. वकीलसाहेबांच्या शिंप्याने ठेवलेलीच नाही बघा. साहेबांचं पोट आणखी सुटलं तर कोट गेला!"

सगळं कोर्ट हसलं. कारकून तर तोंडाला फाईल लावून हसला. गुरुजी शिंपी निघाले हे त्याला तेव्हा कळलं. न्यायाधीशबाईंनी आईबरोबर आलेल्या मुलीला आपल्या दालनात बोलावून घेतलं. दार अर्धवट उघडं होतं आणि मास्तर बाहेर हात जोडून उभे होते, तसे हात जोडायचं काहीएक कारण नसताना. पाच मिनिटांनी बाई बाहेर आल्या. आपण फ्रॉकबद्दलच बोललो होतो, असं मुलीने आत सांगितलं होतं. रविवार मंजूर झाला.

पहिल्या रविवारी आई तिला दारात सोडून गेली. पोरगी चांगली हातभर वाढली होती. मनातल्या सात वर्षांच्या पोरीच्या मापाने आणलेलं स्टूल बुटकं पडलं. दोघं जेवली. मास्तर त्या दिवशी बोलतच होते, आयुष्यभराचं साठलेलं निघावं तसे. कोटाची गंमत त्यांनी दोनदा सांगितली. मुलगी हसली आणि मग बटणांच्या डब्यात बोटं फिरवत राहिली.

"बाबा, एक सांगू? रागावणार नाही ना?"

"सांग की."

"ते मी फ्रॉकचं नव्हते सांगत."

मास्तरांना आधी कळलंच नाही.

"तुमचंच सांगत होते. तुम्ही दोन शनिवार आलाच नाहीत. खोली बंद होईपर्यंत मी आणि आई बसलो होतो. त्या वहीवाल्या बाई म्हणाल्या, जा आता घरी."

"मग जजबाईंना..."

"दार उघडं होतं ना. तुम्ही दिसत होतात, हात जोडून उभे." तिने डब्याचं झाकण लावलं. "म्हणून म्हटलं, फ्रॉकचं."

मास्तरांना फार वाईट वाटलं, इतकं की सह्या केल्या त्या दिवशीही वाटलं नव्हतं. चुकलं माझं, एवढं म्हणायचं होतं. पण कोर्टात सुटलेली जीभ घरात पुन्हा टाळूला चिकटली. पावणेदोन वाजले होते. पाच वाजायला अजून सव्वातीन तास होते, आणि मुलगी त्यांच्या तोंडाकडे बघत बसली होती.