हाराखालचा आकडा

आमच्या ह्यांना आकडा दिसला नाही की चैन पडत नाही. आमच्या लग्नात अक्षता पडायच्या आधी ह्यांनी भटजीला नाही, मांडववाल्याला विचारलं होतं, "आत किती गरम होतंय, मोजलंय का कुणी?" तेव्हाच मला कळायला हवं होतं की, पण कळलं नाही.

शिवपुत्र त्यांचं नाव. सात रस्त्याजवळ एका दुकानात कामाला आहेत. बेकरीच्या भट्टीपासून दवाखान्यातल्या फ्रीजपर्यंत, कुठं किती गरम नि किती थंड हे मोजणारी यंत्रं बसवायची आणि ती खोटं बोलायला लागली की सरळ करायची, हे त्यांचं काम. ते काम दुकानात ठेवून घरी येतील तर शपथ! पाहुण्यांकडं गेलं की त्यांच्या फ्रीजमध्ये हात घालतात. लेक तापली तर तीन थर्मामीटर लावतात, तिन्ही वेगवेगळं सांगतात म्हणून चौथा आणायला पळतात. पोरगी बिचारी तेवढ्यात बरी होते.

गेल्या वर्षी घटस्थापनेच्या तोंडावर वळसंगहून काशम्मा आली. आमच्या अव्वाची, म्हणजे सासूबाई चंद्रव्वांची, ती लहानपणची मैत्रीण. मांडीवर टोपली, टोपलीत भुसा आणि भुशात अंडी. तिच्या खुराड्यात मुंगूस शिरलं होतं. सकाळी बघते तर कोंबड्या गेल्या, कोंबडाही गेला. उघड्या मानेच्या त्या कोंबड्यांची पैदास तिच्या आईनं तिला लग्नात दिलेली. आता उरली ती एवढी अंडी, आणि बसवायला गावात एकही खुडूक कोंबडी मिळेना.

"शिवपुत्रा, तू यंत्रावर उबवतूस म्हणं. ही वाया गेली तर माझ्या आईच्या कोंबड्या संपल्या बग," ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावला.

झालं! माझ्या स्वयंपाकघरातला अर्धा ओटा गेला. थर्माकोलची पेटी आली, आत बल्ब, पाण्याची वाटी, बल्ब कमीजास्त करायला पंख्याचा रेग्युलेटर. शेजारी दुकानातला जुना लॉगर, म्हणजे दर मिनिटाचं तापमान स्वतःच टिपून ठेवणारा डबा. डब्यापासून दोन वेगळ्या धातूंची बारीक जोडतार पेटीत, तिचं टोक अंड्यांच्या मधोमध.

"ही तार नुसता फरक सांगती," हे मला शिकवायला बसले. "टोकाशी किती आणि हितं डब्यावर तार आवळलीय त्या स्क्रूपाशी किती, त्यातला फरक. स्क्रूपाशी किती गरम हाय ते डबा आपलं आपण मोजतो आणि त्यात मिळवतो. तेवा आकडा येतो."

"मिळवू दे. मला पोळ्या लाटायला जागा द्या."

आकडा पाहिजे होता साडेसदतीस. तो जरा हलला की हे उठलेच. जेवता जेवता उठायचे, आंघोळीतून अर्धे बाहेर यायचे. रेग्युलेटर इकडं, रेग्युलेटर तिकडं. यांच्या पायाला भिंगरी आणि माझ्या डोक्याला ताप! अव्वा म्हणायची, "अय्यो, कोंबडी तरी एका जागी बसती की रे!"

खंडेनवमीला घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा. विळी, खलबत्ता, शिलाई मशीन. हे दुकानात पूजेला गेले होते. अव्वानं लॉगरलाही हळदीकुंकू लावलं आणि झेंडूचा ओला हार घातला. लॉगरचं झाकण कधीच तुटलेलं, हार थेट स्क्रूंवरच टेकला. ऑक्टोबरचा उकाडा, हार सुकू नये म्हणून ती येता-जाता पाणी शिंपडत होती.

हे घरी आले तर आकडा चढलेला. घाबरून बल्ब कमी केला, आकडा साडेसदतीसवर आणला. मग आकडा काही हलेना. अव्वा म्हणाली, "बगितलास? देवाला फूल वाहिलं की काम करतंय." हे हसले. त्या दिवशी हे गाढ झोपले. लग्नानंतर इतके शांत झोपलेले मी पहिल्यांदा बघितले.

दसऱ्याला सकाळी हार उतरवला आणि थोड्या वेळात आकडा साडेतीन डिग्रीनं पडला.

यांचा चेहरा पांढरा फटक. ओल्या हारानं स्क्रू गार केले होते, त्यामुळं तारेचा फरक वाढला होता. डबा बिचारा गार स्क्रूंऐवजी आपल्या पोटातली ऊब मोजून मिळवत राहिला, जास्तच मिळवत राहिला. आत खरं तर चौतीस. अंडी रात्रभर गारठली होती.

बल्ब वाढवून हे तिथंच ओट्याला धरून उभे. "अव्वा, कुणी सांगितलं होतं गं तुला पाणी मारायला?" एवढंच म्हणाले, पण असे म्हणाले की अव्वानं हातातली आपट्याची पानं खाली ठेवली. ती देवघरात गेली ती दिवसभर बाहेर आली नाही. दुसऱ्या दिवसापासून तिनं देवालासुद्धा फूल वाहिलं नाही. मला ह्यांचा असा राग आला! हार ह्यांनीही बघितला होता की. आकडा गोड वाटला म्हणून गप्प बसले.

तसं मी तोंडावर म्हटलं. हे वळसंगला जाऊन काशम्माला सगळं सांगून आले. अव्वाचं नाव घेतलं नाही, "माझं चुकलं" म्हणाले.

अंडी फुटायचा दिवस आला, गेला. काशम्मा येऊन ओट्यापाशी बसली होती. शेवटचे दिवस पेटी उघडायची नसते, आतली ओल जाते. ह्यांचा हात सारखा झाकणाकडं. उठायचे, बसायचे, कान लावायचे.

"एकदाच बघतो."

"बघा तर खरं! हात मोडीन," मी म्हटलं आणि झाकणावर हात ठेवून उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आतनं बारीक आवाज आला. मग आणखी एक. काशम्मा उठली, "उघड की रे आता!"

"न्हाय. अंग वाळू दे त्यांचं," हे म्हणाले. गुडघा नुसता हलत होता.

संध्याकाळी हे देवघराच्या दारात गेले. "अव्वा, चल."

"ब्याड रे, नको मला. माझा हात नको त्याला."

ह्यांनी तिला धरून आणलं, तिचे दोन्ही हात झाकणावर ठेवले आणि म्हणाले, "तू उघड."

सगळी निघाली नव्हती. अर्ध्याहून जास्त अंडी तशीच पडली होती. पण मधे नऊ पिल्लं एकमेकांवर चढत होती, उघड्या मानेची. काशम्मा रडत रडत एकेकाला टोपलीत ठेवायला लागली, आणि अव्वानं एक पिल्लू दोन्ही हातांत धरलं ते खाली ठेवेचना.

तारेचं टोक उघड्या पेटीत पडलं होतं. आकडा भराभर उतरत होता. ह्यांचं तिकडं लक्षच नव्हतं.