आत्याच्या गाण्याचं शेवटचं कडवं

माझे वडील आठवडी बाजारात डफावर गाणी म्हणत आणि त्याच गाण्यांच्या चोपड्या विकत. शेवटचं कडवं मात्र कधी गात नसत. 'पुढचं चोपडीत' म्हणून डफ खाली ठेवत. धंद्याचा रिवाजच तो. बायका चोपडी घेत नसत. ऐकलेलं घरी नेऊन जात्यावर आपल्या चालीत म्हणत आणि राहिलेला शेवट स्वतःच लावून मोकळ्या होत. वडील त्यांच्या नावानं बोटं मोडत.

सगळ्यात जास्त खपलं ते विहिरीत पडलेल्या मुलीचं गाणं. ती मुलगी म्हणजे त्यांची धाकटी बहीण, माझी आत्या. विहीर वरच्या आळीची होती, आमच्या लोकांना तिथं बंदी. काठावर माणसं जमली, उतरलं कोणी नाही. छापलेल्या कडव्यात ती बुडते, कारण ती बुडालीच होती. ते कडवं वडिलांनी घरातही कधी म्हटलं नाही. पण हे गाणं ते विकतात, याचा मला लहानपणी फार राग यायचा.

नव्वदच्या दशकात मी बहरीनला एसी टेक्निशियन होतो. वडील व्हिजिट व्हिसावर माहूजच्या माझ्या फ्लॅटवर महिनाभर राहिले. शुक्रवारी आपली चार घरं जमत, गाणी होत. पहिल्याच शुक्रवारी एकाचा शब्द चुकला म्हणून वडिलांनी त्याला मधेच अडवलं. तो हसून म्हणाला, "खलास मामा, आता तुम्हीच म्हणा." मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या शुक्रवारी झिंजला राहणारी, जालन्याकडची एक नर्स म्हणाली, "माझ्या आईचं म्हणते." चाल जात्याची होती, शब्द वडिलांचे. ते कुठं अडवतात याचीच मी वाट बघत बसलो. तिच्या शेवटच्या कडव्यात बायका लुगड्याला लुगडं बांधून विहिरीत सोडतात आणि पोरगी वर येते. आई तिचे केस पिळते.

वडिलांनी तिला कुठंच अडवलं नाही. शेवटी मीच म्हणालो, "हे गाणं यांनी रचलंय."

ती ओशाळली. "मामा, चुकलं आसंल तर सांगा. आईनं बाजारात अर्धंच ऐकलं होतं. तुमच्या चोपडीत शेवट कोणता हाये?"

"ह्योच," वडील म्हणाले. "परत म्हण, पोरी."