थोडं राहिलंय

आचोळ्यात आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या बाई पाचवीला शिकवतात. ‘नापास’ हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. एखाद्याला भागाकार जमला नाही, की त्या हळूच म्हणतात, "थोडं राहिलंय हं तुझं." माझी डाळ कच्ची राहिली तरी हेच.

पूर्वी आठवीपर्यंत कुणाला मागे ठेवत नसत. कुणाचं काय राहिलंय, ते बाई सहावीच्या बाईंना सांगून ठेवायच्या. मग नियम बदलला. पाचवीत नापास झालं तर फेरपरीक्षा, तिथेही जमलं नाही तर पुन्हा पाचवी. नियम करणाऱ्यांचं काय जातं! निकालावर सही बाईंना करावी लागते.

यंदा त्यांच्या वर्गातली एक मुलगी फेरपरीक्षेतही नापास झाली. जूनमध्ये शाळा उघडली, ती आलीच नाही.

एका संध्याकाळी बाई मला म्हणाल्या, "चला ना माझ्यासोबत. एकटीला जाववत नाही."

चाळीतल्या खोलीत ती मुलगी आईशेजारी बसून खोट्या दागिन्यांचे मणी ओवत होती. आई म्हणाली, "लहान पोरांत बसायला लाज वाटते तिला. शाळा नको बोलते."

समजूत घालायला आलेल्या बाई खाली बसल्या, सुई घेतली आणि मणी ओवू लागल्या. निघताना त्यांनी आपली माळ मुलीपुढे धरली. तिने ती निरखून पाहिली आणि अगदी बाईंच्याच सुरात, हळूच म्हणाली, "थोडं राहिलंय हं तुमचं."